पोस्टमास्तरांचा वाटोळा मारुती

पोलादपूरच्या वाचनालयातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला म्हणून मुंबईला गेलं, त्याला चार वर्षं होऊन गेली होती. घड्याळ गेलं, पण त्याची जागा काही गेली नाही. कंदिलाच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीवर परातीएवढं एक पांढरंशुभ्र वर्तुळ राहिलं. वर्तमानपत्र वाचायला आलेला माणूस सवयीनं मान वर करून त्या वर्तुळाकडे बघायचा, क्षणभर विचार करायचा, "बापरे, बराच उशीर झाला की," असं म्हणायचा आणि उठून जायचा. अशानं वाचक घटत चालले आहेत, असं सेक्रेटरी कुशाबांचं ठाम मत झालं. कुशाबा म्हणजे कचेरीतून पेन्शन घेतलेले कारकून. एखाद्या गोष्टीचा ठराव झाल्याशिवाय ती घडली असं ते मानत नसत. सूर्योदयाचं त्यांनी नाइलाजानं चालवून घेतलं होतं.

कार्यकारी मंडळाची सभा भरली. हनुमान जयंतीला वाचनालयाचा वार्षिक समारंभ, त्याला महाडहून मामलेदारसाहेब येणार, त्याआधी ते वर्तुळ झाकायचं, एवढाच विषय. कुणी आरसा सुचवला, कुणी सूप सुचवलं. एकानं दुसरं घड्याळ आणावं असंही म्हणून पाहिलं, पण पहिलं घड्याळ 'येणे' असताना दुसरं आणता येत नाही, असं कुशाबांनी सांगितलं. शेवटी कुशाबाच म्हणाले, "पौराणिक चित्र लावावं. मात्र गोल."

इथंच पोस्टमास्तर महिपतराव फसले.

महिपतराव मूळचे उमरठचे. महाडला शाळेत असताना ते ड्रॉइंगची पहिली परीक्षा पास झाले होते आणि तिचं सर्टिफिकेट त्यांनी पोस्टात, मनिऑर्डरच्या दरपत्रकाशेजारी, काचेत लावलं होतं. त्यानंतरच्या अठरा वर्षांत त्यांच्या हातून एकच कलाकृती घडली. मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी दाराच्या दोन बाजूंना दोन मोर काढले. त्यातल्या डावीकडच्याला अख्खी वरात कोंबडा म्हणाली. ती जखम अजून ओली होती. त्यामुळे 'चित्र' हा शब्द निघाला की महिपतरावांना काहीतरी जाणकारीचं बोलल्याशिवाय राहवत नसे.

"गोल कॅनव्हासवर तैलचित्र म्हणजे चेष्टा नव्हे," ते म्हणाले. "चौकोनात कुणीही काढील. गोलात काढायला हात लागतो."

त्यांनी नुसतं मत दिलं होतं. पण कुशाबांनी टाक शाईत बुडवलाही होता.

"ठराव क्रमांक तीन. श्रीयुत महिपतराव पोस्टमास्तर यांनी गोल कॅनव्हासवर तैलचित्र काढून द्यावे. विषय, सूर्य गिळावयास निघालेला मारुती. अनुमोदन?"

भराभर हात वर झाले. महिपतरावांनीही घाईनं हात वर केला. तो हरकत घ्यायला होता, पण मोजला गेला अनुमोदनात.

घरी बायकोला, ठकूबाईंना, ही हकीकत कळली तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मारुतीच काढायचा हाय ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग बरा हाय. त्याला कोंबडा कोन म्हननार नाय."

या वाक्यात धीर किती आणि टोमणा किती, याचा हिशेब महिपतरावांना दोन दिवस लागला नाही. तोवर त्यांनी मुंबईच्या एका दुकानाला पत्र टाकून तैलरंगांची पेटी, तेल, कुंचले आणि 'तैलचित्राची सुरुवात कशी करावी' हे सांगणारं इंग्रजी चोपडं मागवलं होतं. कारण खरी गोष्ट अशी होती की तैलरंगाला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता.

कॅनव्हास गावातच करायचं ठरलं. महाडला सर्विस मोटारनं जाऊन त्यांनी होड्यांच्या शिडाचं जाडंभरडं कापड आणलं आणि चौकटीसाठी हैबती सुतार गाठला. हैबती बैलगाड्यांची चाकं करायचा.

"परातीएवढी गोल चौकट पाहिजे," महिपतरावांनी दोन्ही हातांनी वर्तुळ करून दाखवलं.

"व्हईल," हैबती म्हणाला. आठ दिवसांनी तो आला तो बैलगाडीच्या चाकाचा आख्खा लाकडी घेर लोटत आला. उंची महिपतरावांच्या छातीपर्यंत. नुसते आरे आणि मधला तुंबा तेवढे नव्हते.

"अरे हैबती, हे काय! मी परातीएवढी सांगितली होती!"

"मास्तर, मना एकच गोल येतो," हैबती शांतपणे म्हणाला. "बारका गोल करायचा तर दुसरा सुतार बघा. पन ह्यो मोडनार नाय. घाट चढून जाल तरी मोडनार नाय."

चित्रानं घाट चढायची काय गरज, हे महिपतरावांना विचारता आलं असतं. पण हनुमान जयंती बारा दिवसांवर आली होती. त्यांनी शीड ताणून खिळे मारले, चोपडं अजून आलेलं नसल्यामुळे स्वतःच्या अकलेनं त्यावर तांदळाची खळ फासली आणि घेर अंगणात उन्हाला लावला. तासाभरानं बघतात तर शेजारची म्हैस डोळे मिटून, भक्तिभावानं, कॅनव्हास चाटत होती. मधलं सगळं वर्तुळ तिनं लख्ख केलं होतं. दुसऱ्यांदा खळ लावली तेव्हा ठकूबाई काठी घेऊन राखणीला बसल्या. पोस्टमास्तरांची बायको अंगणात चाकाची राखण करते आहे, ही बातमी बाजारात पोचायला टपालाची गरज पडली नाही.

मग पार्सल आलं. महाडच्या थैलीतून ते पोस्टमन भागोजीनं बाहेर काढलं आणि त्याच्या हाताला तेल लागलं. दुकानदारानं तेलाच्या बाटलीचं बूच नीट बसवलं नव्हतं.

"आण इकडे," महिपतराव अधीर होऊन म्हणाले.

भागोजीनं पार्सल छातीशी धरलं. "असं कसं, साहेब? गळकं पार्सल. ज्याचं त्याला बोलावून, दोन साक्षीदार ठेवून, जबाब घेऊन मगच द्यायचं. तुमीच सांगितलंत मना गेल्या वर्साला."

"अरे, पण ते माझंच आहे!"

"म्हनून तर. लोक म्हनतील, स्वतःचं असलं की साहेब नियम सोडतात."

महिपतरावांना नियमाबद्दल फार आदर होता, आणि आपल्याबद्दल लोकांना त्याहून जास्त असावा अशी त्यांची इच्छा होती. ते खिडकीच्या आत बसले आणि पोस्टमास्तर या नात्यानं त्यांनी स्वतःला बोलावणं पाठवलं. मग उठून, दारानं बाहेर जाऊन, खिडकीपुढे उभे राहिले. मग पुन्हा आत येऊन प्रश्न लिहिला, 'पार्सल आपले काय?' बाहेर जाऊन 'होय' म्हणाले. आत येऊन ते लिहून घेतलं. अकरा प्रश्न होते. पाचव्या प्रश्नाला बाहेर माणसं जमली, आणि सातव्याला, 'नुकसानीबद्दल पोस्टमास्तरांविरुद्ध आपली काही तक्रार आहे काय?' असं विचारून महिपतराव बाहेर गेले आणि इतका वेळ घुटमळले की गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बोला मास्तर, घाबरू नका."

रंग शाबूत होते. चोपडं मात्र तेलात भिजून पापडासारखं पारदर्शक झालं होतं. पुढच्या पानावरचा मजकूर मागच्या पानावरच्या मजकुरात मिसळून वाचावा लागे. तरी महिपतरावांनी चिकाटीनं एवढा अर्थ लावला की आधी अख्ख्या आकृतीवर तपकिरी रंगाचा पातळ हात द्यावा आणि तो वाळू द्यावा. किती दिवस वाळू द्यावा हा आकडा नेमका तेलाच्या डागाखाली गेला होता. त्यांनी एक दिवस धरला. रंग वाळायला याहून जास्त वेळ लागतो अशी कल्पनाच कुठल्या भल्या माणसाला येणं शक्य नव्हतं.

आता समोर बसायला माणूस हवा होता. शेजारी गोमाजी मुंबईच्या गिरणीतून चार आठवड्यांच्या रजेवर आला होता. तालमीतलं कमावलेलं शरीर, भरदार मांड्या. महिपतराव त्याच्या ओटीवर गेले आणि मोठ्या सौजन्यानं म्हणाले, "गोमाजी, तुला पाहिलं की मला मारुतीच आठवतो."

गोमाजी काही बोलायच्या आत त्याची बायको मैना आतून बाहेर आली. "वानर म्हनता व्हय माज्या घोवाला? तुमच्या घरी येऊन कदी काय उचकलंय त्यांनी?"

"अगो, नाय नाय! शरीरानं! नुसत्या शरीरानं!"

"आनि तोंडाचं?"

तोंड आपण मनानं काढू, असं महिपतरावांनी वचन दिलं तेव्हा मैना आत गेली. गोमाजीला मात्र कल्पना पसंत पडली होती. "फस्किलास आयडिया हाय, मास्तर," तो म्हणाला. "मुंबईत आमच्या खोलीवाल्यांना बोलतो, गावाला आपला फोटू लागला, मारुतीच्या पोजमधी."

दुसऱ्या दिवशी पोस्टामागच्या पडवीत गोमाजी लंगोट कसून उखळावर एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय मागे, एक हात सूर्याकडे, दुसऱ्या हातात गदा म्हणून मुसळ. शेपटीसाठी विहिरीचा दोर कमरेला बांधून त्याचं टोक वाशाला अडकवलं. महिपतरावांनी कोळशानं आकृती रेखायला घेतली आणि त्यांच्या ध्यानात आलं की उडणारा मारुती आडवा असतो आणि गोल कुठूनच आडवा नसतो. डोकं मावलं तर पाय बाहेर जात. पाय मावले तर गदा बाहेर. शेवटी मारुती इतका वाकला की सूर्य गिळायला निघाला आहे की पडलेला सूर्य शोधतो आहे, ते सांगता येईना.

त्यात बघे. कुशाबा रोज दुपारी ठरावाची प्रगती तपासायला येत. "शेंदरी पाहिजे," ते म्हणाले. "हा तपकिरी कसा?"

"पहिला हात तपकिरीच असतो. तैलचित्राची रीत आहे ती."

"ठरावात तपकिरी नाही."

"ठरावात शेंदरीही नाही!"

कुशाबांनी खिशातून ठरावाची नक्कल काढून वाचली आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवली. एवढा एकच विजय त्या पंधरवड्यात महिपतरावांच्या वाट्याला आला. त्याच आनंदात त्यांनी तेल सढळ हातानं ओतत सगळा मारुती तपकिरी रंगवून काढला, आणि कुंचला खाली ठेवून म्हणाले, "झाली सुरुवात. उतर रे गोमाजी."

"उतरता येत नाय," गोमाजी बारीक आवाजात म्हणाला. "पायात गोळा आला हाय. कवाचा."

त्याला तसाच, हात सूर्याकडे ठेवून, भागोजीनं आणि हैबतीनं उचलून घरी नेला. मैनानं दारातून बघितलं आणि ती एवढंच म्हणाली, "शरीरानं, नाय का!"

एक दिवस गेला. चित्र वाळलं नाही. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी महिपतरावांनी बोट लावून पाहिलं आणि ते बोट दिवसभर तिकिटांना लागत राहिलं. चौथा, पाचवा, सहावा. उन्हात ठेवलं, पंख्यानं वारा घातला, भागोजीनं टपालाच्या थैलीनं झोडपायची तयारी दाखवली. पहिलाच हात वाळेना तर दुसरा कुठून देणार? आणि हनुमान जयंती उजाडली तेव्हा महिपतरावांपाशी एक ओला, तपकिरी, बिनतोंडाचा मारुती होता. तोंड मनानं काढायचं होतं, आणि मनाची अवस्था तोंड काढण्यासारखी उरली नव्हती.

"मी आजारी आहे असं कळवतो," ते ठकूबाईंना म्हणाले.

"कळवा की. मामलेदारसायब इचारतील चित्र खंय, कुशाबा सांगतील मास्तरांना जमला नाय. मोराचीबी गोष्ट सांगतील."

महिपतरावांनी कोट चढवला.

पोस्ट गावाच्या वरच्या अंगाला, वाचनालय खाली बाजारात. मधे उतरती दगडी पायवाट, म्हणजे पाखाडी. चित्र उचलायला हैबती आणि गोमाजी आले होते. गोमाजीचा पाय अजून लंगडत होता. दहा पावलांवर दोघांनी ते टेकलं.

"मास्तर, हे उचलून का नेतो आपन?" हैबती म्हणाला. "चाक हाय. लोटूया की."

यात चूक काय, ते महिपतरावांना शोधून सापडेना. जपणूक म्हणून शेपटीचाच दोर घेराला बांधला आणि त्याचं टोक मागे गोमाजीनं धरलं. महिपतराव पुढे वाट मोकळी करत निघाले. पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या वळणावर गोमाजीच्या पायात पुन्हा गोळा आला. तो "अगो आयो!" म्हणून मटकन बसला आणि दोर सुटला.

हैबतीचा गोल खरोखरच निर्दोष होता. महिपतरावांच्या कोटाला चाटून तो पुढे गेला. तपकिरी मारुती स्वतःभोवती गरागरा कोलांट्या घेत निघाला, आणि आता कुठे तो उडाल्यासारखा दिसत होता. पाखाडीवरून येणाऱ्या भजनी मंडळानं "जय बजरंग!" म्हणून दोन्ही बाजूंना उड्या घेतल्या. एक शेळी त्याच्या पुढे जिवाच्या आकांतानं पळत होती. ती डावीकडे वळली, चाकही डावीकडे वळलं, गोदूबाईंच्या कुडाची फट सापडून अंगणात शिरलं, दोन गिरक्या घेऊन लडबडलं आणि पालथं पडलं.

गोदूबाई एकटी राहणारी, कष्टाळू बाई. गाद्या-उशा भरून द्यायची. चैत्र म्हणजे सावरीची बोंडं फुटायचे दिवस. अंगणभर सावरीचा कापूस चटयांवर उन्हाला घातला होता. चाक पडलं त्या धक्क्यानं तो सगळा आभाळात गेला आणि मग सावकाश, बर्फ कसं पडतं ते न पाहिलेल्या पोलादपुरावर, खाली यायला लागला.

महिपतराव धापा टाकत पोचले. चौघांनी चित्र उलथलं. मारुती बहुतेक सगळा पांढऱ्या, मऊ, दाट केसांचा झाला होता. तोंडाच्या रिकाम्या जागी तर दाढीच दाढी होती. महिपतरावांनी एक झुपका ओढून पाहिला. त्याबरोबर मारुतीचा खांदा यायला लागला. त्यांनी हात काढून घेतला.

"माजा कापूस!" गोदूबाई ओरडली.

"गोदूबाई, समारंभ होऊ दे. मी स्वतः वेचून देईन."

"माज्या उशा हायत त्यात, मास्तर! दोन उशा!"

पण तेवढ्यात मामलेदारांची मोटार वाजली. कुशाबा धावत आले, त्यांनी चित्राकडे बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ठराव झाला आहे. लावलंच पाहिजे." चित्र खिळ्यावर चढलं. पांढरं वर्तुळ झाकलं गेलं, शेजारची खिडकीही झाकली गेली.

मामलेदारसाहेब मूळचे पुण्याचे, जाडजूड, चष्मेवाले गृहस्थ. हार घालून घेताना त्यांची नजर वर गेली आणि तिथंच खिळली. वाचनालयात टाचणी पडली असती तर तिनं क्षमा मागितली असती. महिपतराव भिंतीला पाठ लावून उभे होते. हे काय आहे, असं विचारलं तर खरं ते सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. सुरुवात झाली आहे, पुढचं राहिलं आहे, आणि मला तैलरंग येत नाहीत. शेवटचं वाक्य ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"अहाहा!" मामलेदार म्हणाले. "जांबुवंत!"

कुशाबांनी घाईनं खिशातली ठरावाची नक्कल चाचपली.

"ज्याला त्याला मारुती काढायचा असतो. पण मारुतीला त्याच्या बळाची आठवण कुणी करून दिली? या वृद्ध अस्वलराजानं! आणि त्याची आठवण कुणाला? या पोलादपूरच्या चित्रकाराला! वार्धक्यानं वाकलेली ती पाठ पाहा. आणि ते केस! एकेक केस वेगळा दिसतो आहे! आमच्या पुण्यातसुद्धा असे केस काढणारा मी पाहिला नाही."

मग ते जांबुवंतावर पाऊण तास बोलले. पंखा हलवणाऱ्या माणसाच्या वाऱ्यानं जांबुवंताचे दोन-चार केस सुटून तरंगत त्यांच्या पगडीवर बसले, पण ते कुणी दाखवून दिलं नाही. गोदूबाई दारात उभी होती. तिनं एकदा तोंड उघडलं, मग आपल्या उशांवर एवढा मोठा सरकारी माणूस एवढं बोलतो आहे हे तिला उमजलं आणि ती पदर सावरून पुढे येऊन बसली. गोमाजीला मात्र हा अन्याय सोसेना. "अस्वल?" तो महिपतरावांच्या कानात म्हणाला. "मास्तर, चार दिवस एका पायावर उबा राहिलो तो अस्वल व्हायला? मुंबईत काय तोंड दाखवू?"

शेवटी मामलेदारांनी विचारलं, "चित्रकार कोण?" सगळ्यांनी महिपतरावांना पुढे ढकललं. ते खरं सांगणारच होते. तोंडही उघडलं होतं.

"साहेब, ही नुसती सुरुवात आहे..."

"विनय!" मामलेदार सभेकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात विनय! मग पुढल्या वर्षी सुग्रीव, त्यापुढे अंगद, नळ, नीळ, सगळे येऊ द्या. असेच गोल."

कुशाबांनी टाक शाईत बुडवला.

सुंठवडा वाटून झाला, मोटार गेली, माणसं पांगली. महिपतराव एकटेच चित्रापुढच्या बाकावर बसून राहिले. लोकांनी त्यांना आयुष्यात प्रथमच चित्रकार म्हटलं होतं, आणि त्या चित्रात त्यांचं म्हणून जे काही होतं ते सगळं कापसाखाली होतं. डावीकडच्या मोराला लोक कोंबडा म्हणाले तेव्हा निदान तो मोर तरी त्यांचा होता.

ठकूबाई आणि गोदूबाई कापूस न्यायला टोपली घेऊन आल्या. मामलेदारांनी नावाजलेला कापूस उशीत घालायला गोदूबाईचा हात होईना, ती परत गेली. ठकूबाई राहिल्या. त्यांनी चित्र वरून खालपर्यंत बघितलं, बाजूनं बघितलं, मग खाली घेराच्या कडेशी वाकल्या. तिथं, चाकाच्या काठाला टेकलेला, मागे झोकलेला एक उघडा पाय कापसातून सुटला होता.

"ह्यो तुमी काढलात?" त्यांनी विचारलं.

"कोणता?"

"ह्यो पाय. टाच उचललीय बघा, बोटं कशी भुईला रेटलीत. आता उडतो का मग उडतो असा झालाय." मग त्यांनी वर दाढीकडे बोट केलं. "पाय तेवडा मारुतीचाच हाय. वरचा म्हातारा कोन हाय तो मना ठाव नाय."

महिपतराव उठले, त्यांच्याशेजारी वाकले आणि दोघं मिळून तो पाय बघू लागले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच पोस्टमास्तर खदखदून हसले.